बोलीचे ज्योतिषी

दिवाळीच्या फराळाला आमच्या घरी पूर्वी दोनच वाद होत. यंदा चिवड्याला तिखट जास्त झाले की मीठ, हा पहिला; आणि रणजी स्पर्धेत विदर्भाचा संघ कितव्या सामन्यात गारद होणार, हा दुसरा. अलीकडे तिसरा वाद घरात शिरला आहे आणि त्याने पहिल्या दोघांना गिळून टाकले आहे. गेल्या दिवाळीत चकलीचा तुकडा मोडतो न मोडतो तोच धाकट्या पुतण्याने एक कागद पुढे सरकवला. डावीकडे खेळाडूंची नावे, उजवीकडे आयपीएलचे संघ, मधे कोटींचे आकडे. येत्या लिलावात कोण कुठे जाणार, याचे प्रत्येकाने भाकीत लिहायचे! वहिनींनी लिहिले, पंचाहत्तरीच्या मामांनी चष्मा पुसून लिहिले. मी लिहीना, तेव्हा त्या पोराने अगदी निरागसपणे विचारले, "काका, तुम्हांला लिलावात उभे केले असते तर किती बोली लागली असती हो?"

सगळे हसले. मीही हसलो. पण लाडू खाताना खडा दाताखाली यावा तसा तो प्रश्न मनात राहिला. पोराचा त्यात काही दोष नाही. माणसाला प्रथम भाव विचारायचा आणि मग नाव, हे त्याला आपणच शिकवले.

वाचकहो, भाकिते करण्यावर माझा राग नाही. पावसाचे, निवडणुकीचे, पोरीच्या लग्नाचे भाकीत करणारा आपला समाज. त्याने क्रिकेटलाच का सोडावे? माझी तक्रार वेगळी आहे. लिलावात खेळाडू 'कुठे जाणार' असे आपण म्हणतो, ते म्हणणेच मुळी खोटे आहे. तो जात नाही. त्याला नेले जाते. २००८ साली मुंबईत पहिला लिलाव झाला तेव्हापासून हाच रिवाज आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा शहरात ऋषभ पंतवर लखनौने बोली लावली. दिल्लीने आपल्या जुन्या खेळाडूवरचा हक्क सांगितला, लखनौने आकडा थेट सत्तावीस कोटींवर नेला, दिल्लीने हात मागे घेतला, आणि निकाल लागला. या साऱ्या घासाघिशीत, 'बाबा रे, तुला कुठे खेळावयाचे आहे?' हा प्रश्न नियमाप्रमाणे कोणी विचारावयाचाच नव्हता. उलट, एकदा बोली लागली आणि सबळ कारणावाचून खेळाडूने माघार घेतली, तर दोन वर्षांची बंदी! इंग्लंडचा हॅरी ब्रूक २०२५ मध्ये त्या नियमाचा पहिला धनी झाला. ज्या निवडीत निवडणारा माणूसच नाही, तिचे भाकीत म्हणजे फासे टाकणे. त्याला बुद्धी लागते असा आव कशाला?

कोणी म्हणेल, "पण या लिलावाने गरिबाच्या पोराला पैसा दिला की नाही?" दिला, आणि तो मिळालाच पाहिजे. आपल्याच खापरखेड्याचा उमेश यादव घ्या. कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा कसोटीत १७० बळी घेतो आणि त्याच्या घामाला मोल येते, याचा नागपूरकराला आनंद नसेल तर तो नागपूरकर कसला? पण त्याच उमेशची पुढची गोष्टही ऐका. डिसेंबर २०२३ च्या लिलावात गुजरातने त्याला ५ कोटी ८० लाखांना घेतले. अकरा महिन्यांनी जेद्दात त्याचे नाव पुकारले गेले आणि एकही हात वर झाला नाही. वय झाले, दुखापती झाल्या. मालकांचा हिशेब चुकला असे मी म्हणत नाही. मी आपल्या घरांविषयी बोलतो आहे. त्या संध्याकाळी भाकितांच्या किती कागदांवर उमेशच्या नावापुढे नुसती फुली पडली असेल! सत्तावन्न कसोट्या खेळलेल्या माणसाला आपण न खपलेल्या मालाच्या रकान्यात टाकले, आणि शेवेची वाटी पुढे ओढली.

आता खरे भाकीत कशाचे करावे, ते सांगतो. जिथे खेळाडू स्वतः निर्णय घेतो तिथे. कॅनडा-अमेरिकेत बर्फावरची हॉकी खेळतात. करार संपलेला अनुभवी खेळाडू तिथे मोकळा होतो आणि मनाला येईल त्या संघाशी सही करतो. २०१८ च्या १ जुलैला जॉन टॅव्हारेस नावाच्या नामांकित खेळाडूने न्यूयॉर्कचा संघ सोडून आपल्या गावच्या टोरोंटोशी सात वर्षांचा करार केला, आणि लहानपणचे आपले छायाचित्र जगाला दाखवले. त्यात तो टोरोंटो संघाच्या चित्रांच्या चादरीत झोपलेला आहे! पैसा त्यालाही उदंड मिळाला. पण त्या चादरीचा रकाना कुठल्या ज्योतिषाच्या कागदावर होता?

इतक्या दूर तरी कशाला जा? आपल्या जामठ्याच्या मैदानावर याहून मोठे दाखले आहेत. रणजीत एका राज्याचा खेळाडू आपल्या संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्याकडे जाऊ शकतो. २०१५ मध्ये मुंबईचा वसीम जाफर, वय सदतीस, विदर्भाकडे आला. पुढे एक हंगाम दुखापतीत बुडाला, तरी संघटनेने ठरलेले मानधन त्याला दिले. तेव्हा पुढल्या, २०१७-१८ च्या हंगामात हा गृहस्थ व्यावसायिकाचे मानधन न घेता खेळला. त्याने स्वतःच ते सांगितले आहे. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाने साठ वर्षांनी, १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरला दिल्लीला हरवून पहिला करंडक उचलला, तेव्हा विजयी धावा याच जाफरच्या बॅटमधून निघाल्या. पुढच्या हंगामात चाळिशी उलटून त्याने हजारावर धावा केल्या आणि करंडक पुन्हा आपल्याकडे राहिला. कोटींच्या रकान्यात शून्य लिहावे लागेल अशी ही निवड. सांगा, कोणत्या पंडिताने ती वर्तवली होती?

करुण नायरचे तेच. कसोटीत नाबाद ३०३ धावा करणारा हा फलंदाज स्वतःच्या कर्नाटकाच्या संघातून वगळला गेला आणि २०२३ मध्ये आपल्याकडे आला. त्याला हवी होती फक्त खेळायला जागा. २०२५ च्या मार्चमध्ये जामठ्याला केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने ८६ आणि १३५ धावा केल्या; आपण तिसऱ्यांदा विजेते झालो; त्याच वर्षी तो भारताच्या कसोटी संघात परतला, आणि मग आपल्या कर्नाटकाकडे गेला. त्याच अंतिम सामन्यात केरळतर्फे ७९ धावा काढून आपल्याला घाम फोडणारा कोण होता? आदित्य सरवटे, २०१९ च्या अंतिम सामन्यात अकरा बळी घेऊन आपल्याला करंडक मिळवून देणारा आपलाच नागपूरचा पोरगा! जो येतो तो जातोही, आणि आपला मुलगाही परक्या अंगणात रांगोळी काढतो. स्वखुशीने गेलेल्याला निरोप द्यायला मन मोठे लागते. बोलीने नेलेल्यासाठी नुसता टीव्ही पुरतो.

"बाहेरचे आले की घरच्या पोरांची जागा जाते," अशी एक तक्रार महाल ते धरमपेठ सगळीकडे ऐकू येते. ती पोकळ नाही. एक आला की एक बसतो, हे गणितच आहे. पण त्याच अंतिम सामन्यात विदर्भाचे तीन गडी २४ धावांत तंबूत परतले असताना एका बाजूला नायर आणि दुसऱ्या बाजूला नागपूरचाच कोवळा दानिश मालेवार उभे होते. दोघांनी २१५ धावा जोडल्या; मालेवारने १५३ केल्या. पाहुणा असा असला तर पानात एक पोळी जास्त वाढावी.

म्हणून या दिवाळीला माझी एक विनंती आहे. कोटींचे ते कागद पुढच्या तान्ह्या पोळ्याला मारबतीबरोबर खुशाल वेशीबाहेर पाठवा. भाकीत करावयाचेच असेल, तर कोण कुठे जाईल त्यापुढे 'का जाईल' हा एक रकाना आखा. त्यात घर लिहा, मान लिहा, उपकार लिहा, हुकलेली संधी लिहा. पैसाही लिहा, पण रांगेत. भाकीत चुकले तरी बिघडत नाही. माणसाचा विचार केल्याचे पुण्य पदरी पडेल.

आणि पुतण्याला उत्तर द्यायचे राहिलेच होते. ते यंदा फराळाला देणार आहे : "बाळा, बोली किती लागली असती ते मला माहीत नाही. पण कुठे खेळायचे हे मला कोणी विचारले असते, तर मी नागपूर म्हटले असते."