धारपांचे वाचक, मतकरींचे वाचक

नारायण धारप (१९२५–२००८) यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली, त्यांतली बहुसंख्य भय, गूढ आणि अद्भुत यांच्या सरहद्दीवर वावरणारी होती, आणि धारप पुण्याचे असले तरी त्यांच्यावर जीव टाकणारे तसेच त्यांचे नाव निघताच नाक मुरडणारे असे दोन्ही प्रकारचे वाचक गिरगाव, दादर, परळ, लालबाग या मुंबईच्या जुन्या मराठी पट्ट्यात पूर्वीपासून आहेत. हा मतभेद वरवर पाहता भाषेचा, पुनरावृत्तीचा किंवा उसन्या कथानकांचा वाटतो. परंतु वाद घालणाऱ्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतल्यास असे दिसते की धारपांच्या लेखणीत भीती निर्माण करण्याचे सामर्थ्य आहे, यावर बहुतेकांचे एकमत असते आणि खरा खटका उडतो तो पुढच्या मुद्द्यावर, म्हणजे वाचक एकदा पुरता घाबरला की लेखकाने त्याचे काय करावे, या मुद्द्यावर.

या लेखनाला वाचक सरसकट ‘भुताखेतांची पुस्तके’ म्हणतात, पण त्यात निदान तीन प्रकार एकमेकांत मिसळलेले आहेत: भयकथा, म्हणजे जिचा पहिला हेतू अंगावर काटा आणणे हा असतो अशी कथा, गूढकथा, म्हणजे जिच्यातल्या घटनेचा उलगडा मुद्दाम अर्धवट ठेवलेला असतो ती, आणि अद्भुतकथा, म्हणजे जिच्यात नित्याच्या जगाचे नियम मोडणारे दुसरे एक जग आपले स्वतःचे नियम घेऊन अवतरते ती. धारपांची गणना भयकथाकारांत होत असली तरी ‘समर्थ’ या त्यांच्या नायकाच्या कथा अद्भुताच्या वर्गात बसवणे अधिक योग्य ठरेल, कारण त्यांत भय हे केवळ प्रवेशद्वार असते आणि आत गेल्यावर शक्तींची, मंत्रांची, संरक्षक वस्तूंची आणि आपल्या मितीपलीकडच्या अस्तित्वांची एक सुसंगत व्यवस्था वाचकापुढे उलगडत जाते.

मराठी वाचकाला अद्भुताची चटक धारपांनी लावली असे मात्र नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली निघाली, तिच्या मागोमाग ‘मंजुघोषा’सारख्या कल्पनारम्य कादंबऱ्या आल्या, आणि मुंबईत जन्मलेल्या नाथमाधव यांच्या ‘वीरधवल’ने (१९१३) तर ही आवड पुढच्या कित्येक पिढ्यांपर्यंत नेली. भालचंद्र नेमाडे यांनी आरंभीच्या मराठी कादंबरीच्या प्रवृत्ती ठरवताना वास्तवाशी भिडणारी ‘यमुनापर्यटन’ प्रवृत्ती एका बाजूला आणि रंजनाकडे झुकणारी ‘मुक्तामाला’ प्रवृत्ती दुसऱ्या बाजूला ठेवली, तेव्हा त्यांची सहानुभूती कोणत्या बाजूला आहे याविषयी कोणाला शंका उरली नाही. समीक्षेने असा निकाल दिला, पण वाचनालयाच्या खिडकीपाशी उभ्या राहणाऱ्या सभासदांनी तो मानला नाही. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्तीत फिरती वाचनालये नेली. ठाकुरद्वारी १८९८ साली सुरू झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या शाखा शहरभर निघाल्या. आणि ज्या मजुराने, कारकुनाने किंवा गृहिणीने तिथून पुस्तक नेले त्यांनी ते समीक्षकाला विचारून नेले नाही. वाचनालयाच्या पुस्तकाचा बांधणीपासून सुटलेला कणा आणि मळलेले कोपरे हा लोकप्रियतेचा एक पुरावाच असतो, आणि रहस्य-भयकथांच्या कपाटात तो भरपूर सापडतो.

समर्थकथांची घडण ठरलेली आहे. कोणी एक कुटुंब, कोणी तरुण, एखादी नुकती लग्न होऊन आलेली मुलगी अशा संकटात सापडते की ज्यावर डॉक्टर, पोलीस, नातेवाईक यांपैकी कोणाचाच इलाज चालत नाही. मग समर्थांपर्यंत निरोप पोहोचतो. समर्थ येतात, थोडे बोलतात, पुष्कळ पाहतात, संकटाचे मूळ ओळखतात आणि रात्रभर चाललेल्या झुंजीनंतर ते अमंगळ परत आपल्या जागी लोटले जाते. हे सर्व सांगणारा अप्पा जोशी हा समर्थांचा सहवासी आहे, आणि त्याची सौम्य, जराशी कारकुनी वळणाची निवेदनाची पद्धत ही धारपांची मोठी कमाई म्हटली पाहिजे, कारण असंभवनीय गोष्ट सांगणारा माणूस जितका साधा तितकी ती गोष्ट पटते, हे मर्म त्यांनी पक्के ओळखले होते. तरीही शेवट आधीच ठाऊक असलेली कथा पुन्हा पुन्हा का वाचावी, असा प्रश्न न आवडणारे वाचक विचारतात, आणि आवडणाऱ्यांचे उत्तर असे असते की शेवट ठाऊक असतो म्हणूनच ती वाचायची.

या उत्तरामागे निव्वळ आळस नाही. गिरणगावातल्या, म्हणजे परळ, लालबाग, शिवडी, वरळी या गिरण्यांभोवती वसलेल्या भागातल्या कुटुंबांची मुळे पुष्कळदा कोकणात किंवा घाटावर असतात, आणि विशेषतः तळकोकणातून आलेल्या घरांत राखणदार ही कल्पना पुस्तकातून शिकावी लागत नाही. गावाच्या शिवेची राखण करणारी एक अदृश्य शक्ती आहे, तिला नारळ-कोंबडा पोहोचवायचा असतो, संकट आले तर ग्रामदेवतेपुढे उभे राहून गाऱ्हाणे घालायचे असते आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची असते, हे ज्याने लहानपणी गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाऊन पाहिलेले आहे त्याला समर्थ परके वाटत नाहीत. त्याच्या दृष्टीने समर्थ हे शिवेवरून उठून शहरातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आलेले राखणदारच होत. मुंजा, खवीस, देवचार, गिरा यांची नावे आणि स्वभाव ज्या वाचकाला घरातूनच माहीत आहेत त्याला भुताच्या अस्तित्वाचे फारसे नवल नसते. भूत आहे तर त्याचा बंदोबस्त करणाराही असला पाहिजे, हा त्याचा रोकडा हिशेब असतो, आणि जो लेखक भूत दाखवून बंदोबस्त न करता निघून जातो त्याने काम अर्धवट सोडले असे त्याला वाटते.

असे काम मुद्दाम अर्धवट सोडणारा लेखक म्हणजे रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०). मुंबईत जन्मलेले, बँकेत नोकरी करता करता लिहू लागलेले, ‘अलबत्या गलबत्या’ आणि ‘निम्मा शिम्मा राक्षस’ यांसारख्या बालनाट्यांमुळे घरोघरी पोहोचलेले मतकरी मोठ्यांसाठी गूढकथा लिहू लागले तेव्हा त्यांनी त्यातून तारणहार जवळजवळ काढूनच टाकला. त्यांच्या कथेत भय बाहेरून खिडकीवाटे येत नाही; ते नवरा-बायकोच्या अबोल्यात, आजारी माणसाच्या खोलीत, एखाद्या लपवलेल्या अपराधात आधीपासून बसलेले असते, आणि कथा संपते तेव्हा पात्राचीच नव्हे तर वाचकाचीही सुटका झालेली नसते. मुलांच्या नाटकात चेटकिणीची फजिती करणाऱ्या लेखकाने मोठ्यांना मात्र अशी कोणतीच हमी देऊ नये, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मुंबईच्या ‘धनंजय’सारख्या रहस्य-गूढाला वाहिलेल्या दिवाळी अंकांतून दोन्ही लेखकांची नावे वाचकांपुढे येत राहिली, आणि त्यामुळे एकाच घरात अंक आधी कोणी घ्यायचा यावरून जसा तंटा होई तसाच तो वाचून झाल्यावर कोणाची कथा सरस यावरूनही होई. मतकरींचा वाचक धारपांच्या कथेला भाबडी म्हणतो आणि धारपांचा वाचक मतकरींच्या कथेला निष्ठुर म्हणतो. दोन्ही विशेषणे बऱ्याच अंशी खरी आहेत, आणि दोन्ही लेखकांना ती दूषणे वाटली नसती.

तिसरा आक्षेप साहित्याबाहेरून येतो, पण तो झटकून टाकण्यासारखा नाही. नरेंद्र दाभोलकर यांनी उभ्या केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीच्या संस्कारात वाढलेला, २०१३ साली झालेली त्यांची हत्या आणि त्यानंतर आलेला जादूटोणाविरोधी कायदा यांची आठवण असलेला वाचक विचारतो की अडचणीतल्या कुटुंबाने एका असामान्य पुरुषाला शरण जावे आणि त्याने मंत्रबळाने संकट निवारावे, ही गोष्ट शेकडो पानांतून रम्य करून सांगणे निरुपद्रवी कसे मानायचे. समर्थांच्या गोष्टी वाचून कोणी बुवाच्या दारात गेला असे दाखवता येणार नाही. गोष्ट वाचणारा ती गोष्ट आहे हे जाणूनच वाचतो. आक्षेपाचा जो भाग टिकतो तो वेगळा आहे. या कथांत पीडित माणसाला स्वतः करण्यासारखे फार थोडे उरते. त्याने विश्वास ठेवायचा, सांगितलेल्या वर्तुळाबाहेर पाऊल टाकायचे नाही आणि पहाटेची वाट पाहायची. ही कथारचनेतली उणीव आहे, आणि ती विवेकवाद्याच्या नजरेतून न पाहताही जाणवते. धारपांना स्वतःला ती जाणवली असावी असे म्हणायला जागा आहे, कारण समर्थांशिवायच्या कित्येक कादंबऱ्यांत त्यांनी साध्या माणसांनाच झुंजायला लावले आहे, आणि त्या कादंबऱ्यांची पकड अधिक घट्ट आहे. ‘नेनचिम’, ‘फायकसची अखेर’ यांसारख्या विज्ञानाच्या वाटेने गेलेल्या पुस्तकांवर प्रेम करणारा एक छोटा पण हट्टी वाचकवर्ग तर समर्थमालिकेला लेखकाच्या गुणांची उधळपट्टीच समजतो. (‘४४० चंदनवाडी’ हे धारपांच्या एका पुस्तकाचे नाव गिरगावकराला मुखपृष्ठ उघडण्याआधीच दचकवते, कारण चंदनवाडी म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा मरीन लाइन्सजवळचे स्मशानच येते.)

सर्वांत कडू वाद उसनवारीचा आहे. ‘लुचाई’ ही स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’वर आणि ‘शपथ’ ही त्याच्याच १९८६ सालच्या ‘इट’वर बेतलेली आहे, हे इंग्रजी वाचणाऱ्या मराठी वाचकाच्या ध्यानात आले तेव्हा त्याला फसवणूक झाल्यासारखे वाटले, आणि ज्याने धारप आधी वाचले व किंग नंतर, त्याला तर उलट किंगच कुठेतरी वाचल्यासारखा वाटला. रूपांतर म्हणजे परक्या कथानकाला आपल्या भूमीत, आपल्या नात्यागोत्यांत आणि आपल्या श्रद्धांत नव्याने वाढवणे. मराठी कादंबरी आणि रंगभूमी यांची उभारणी पुष्कळशी त्यावरच झालेली असल्यामुळे रूपांतर हा गुन्हा ठरत नाही, मात्र मूळ लेखकाचे नाव ठळकपणे न सांगणे हा दोष ठरतो, आणि धारपांच्या चाहत्यांनी तो मोकळेपणाने मान्य केल्यास त्यांचे दैवत काही लहान होणार नाही. अधिक कुतूहलाचा प्रश्न असा की उसने घेताना धारपांनी काय बदलले. अमेरिकी लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) याच्या कथांतले विश्व माणसाविषयी पूर्णपणे उदासीन आहे. त्यातल्या प्राचीन शक्तींना माणूस दिसतही नाही, मग त्याचे रक्षण कोण करणार. त्याच्या मृत्यूनंतर ऑगस्ट डर्लेथ याने १९३९ साली सहकाऱ्यासह प्रकाशनसंस्था काढून ते साहित्य जपले, त्यात स्वतःची भर घातली आणि भर घालताना दुष्ट शक्तींसमोर सुष्ट शक्ती उभ्या केल्या, रक्षक चिन्हे आणली, लढा जिंकता येण्याजोगा केला. यावरून लव्हक्राफ्टचे वाचक आजही दुभंगलेले आहेत. मितींपलीकडून येणाऱ्या धारपांच्या शक्ती लव्हक्राफ्टच्या घराण्यातल्या वाटतात, पण समर्थांचा स्वभाव डर्लेथच्या बाजूचा आहे. म्हणजे लालबागच्या वाचकाला राखणदार हवा असतो तसा तो समुद्रापलीकडच्या वाचकालाही हवा होता, आणि तिथेही तो न मागणाऱ्यांनी मागणाऱ्यांना कच्चे ठरवले.

२०१८ साली राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट आला आणि धारपांचे नाव, त्यांची पुस्तके कधीही हातात न धरलेल्या पिढीच्या तोंडी झाले. त्यातल्या झोपलेल्या, भुकेल्या, जागी होऊ न द्यायच्या म्हातारीचे मूळ धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे, ‘आजी’चे मूळ पुन्हा किंगच्या ‘ग्रॅमा’मध्ये आहे, आणि चित्रपटाचे नाव आले आहे ते श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून, जिच्यात भूत नाही. मुंबईच्या बेस्टमध्ये नोकरी केलेल्या पेंडशांना या सोयरिकीचे काय वाटले असते, कोण जाणे. चित्रपट पाहून ‘आजी’ असलेले पुस्तक शोधायला निघालेल्या तरुण वाचकाच्या हाती दादरच्या दुकानात बहुधा समर्थांचे एखादे पुस्तक लागते, आणि तो गोंधळतो, कारण ‘तुंबाड’मध्ये कोणाला निरोप पाठवण्याची सोय नाही, रात्रभर जागून संकट परतवणारे कोणी नाही, बापाचा लोभ मुलापर्यंत येतो आणि त्या मुलालाच त्याचा शेवट करावा लागतो. धारपांना नव्याने प्रसिद्धी देणारी ही कलाकृती मतकरींच्या वाचकाला अधिक जवळची आहे, आणि समर्थांचे जुने वाचक तिचा अभिमान बाळगतात खरे, पण त्यांच्यातल्या काहींना शेवट पाहताना चुकल्याचुकल्यासारखे वाटते.