बस्ता कुणाच्या दुकानी?

नंदुरबार-धुळ्याकडची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला सुरतेला येतात. ताप्ती लाइनची गाडी उधन्याला थांबते, पिशव्या फलाटावर टेकतात न टेकतात तोच कानाशी प्रश्न येतो, "साडी मार्केट का? चला, ओळखीचं दुकान आहे." रिंगरोडवर कुठे जायचे ते घरून ठरलेले असते, पण रिक्षा थांबते दलालाच्या दुकानापुढे. तिथले कापड वाईटच असते असे नाही. वांधा एवढाच की दुकान आपण निवडलेले नसते.

ब्राउझरमधल्या गाण्यांचे पंचवीस वर्षांपूर्वी हेच झाले. नेटकॅफेत तासाचे पैसे मोजून दुव्यावर टिचकी मारावी, तर ती फाइल कुणाच्या हवाली करायची हे आधीच ठरलेले. रियलप्लेअर, क्विकटाइम, विंडोज मीडिया प्लेअर, जो कुणी संगणकावर शेवटी उतरे तो विंडोजच्या रजिस्ट्रीत फाइलींच्या सातबाऱ्यावर आपले नाव चढवून घेई. दुसरा आला की पुन्हा फेरफार. गाणे बिचारे तलाठ्याच्या दारात बसल्यासारखे ताटकळायचे.

भांडण चावडीवर गेलेच. जुलै 1998 मध्ये रियलप्लेअर बनवणाऱ्या रियलनेटवर्क्सचे रॉब ग्लेसर यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे प्रात्यक्षिकासह तक्रार मांडली, की मायक्रोसॉफ्टचा प्लेअर बसवला की आमचा मोडतो. मायक्रोसॉफ्टचे उत्तर होते, दोष तुमच्याच प्रोग्रॅममध्ये आहे. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टवरच्या खटल्यात अ‍ॅपलनेही क्विकटाइमबद्दल असेच गाऱ्हाणे घातले आणि तसेच उत्तर ऐकले. वापरणाऱ्याला काय हवे, हे सांगायला मात्र त्याला साक्षीला कुणी बोलावले नाही.

मार्च 2004 मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला 49.7 कोटी युरो दंड केला आणि प्लेअर वगळलेली विंडोजही विकायला लावली. दंड घसघशीत, उपाय हास्यास्पद. प्लेअर असलेली आणि नसलेली, दोन्हींची किंमत एकच! मग बिनप्लेअरची कोण घेणार? जवळजवळ कुणीच घेतली नाही. रियलनेटवर्क्सने 2005 मध्ये 76.1 कोटी डॉलरची तडजोड पदरात पाडून घेतली. गिऱ्हाइकाच्या पदरात काय पडले, ते विचारू नये.

तंटा मिटला तो दुसऱ्याच वाटेने. एचटीएमएल-5 आले आणि ब्राउझर स्वतःच चित्र-गाणे वाजवू लागला. क्रोमने 2015 मध्ये असे प्लेअर ब्राउझरला जोडणाऱ्या जुन्या प्लगइनांचे दार लावले, 2020 च्या अखेरीस फ्लॅशही गेले. दलाल हटले असे वाटले. पण आता ब्राउझरच दुकानदार झाला, आणि तो कुणाचा असावा हे फोन बनवतानाच ठरू लागले. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 1,337.76 कोटींचा दंड केला, तो अँड्रॉइडवरच्या याच दांडगाईबद्दल. त्यानंतर कुठे, शोधयंत्र कोणते हवे ते निवडण्याची मुभा भारतीय ग्राहकाला द्यायचे गूगलने कबूल केले.

लिंबायतच्या एखाद्या खोलीत आज रात्रपाळी करून आलेला पोरगा अहिराणी गाण्याचा दुवा दाबतो. ब्राउझर उघडता उघडता मिटतो आणि एखादे अ‍ॅप त्याला आत ओढून नेते. वीस वर्षांपूर्वीचा त्याचा बाप नेटकॅफेत निदान वैतागायचा तरी. पोराला यात काही वावगे घडले असे वाटतही नाही. आमच्या मते हा तोटा जुन्या एरर मेसेजपेक्षा मोठा आहे.

फोनवर 'फक्त एकदाच' आणि 'नेहमी' असे दोन पर्याय अजूनही अधूनमधून समोर येतात. 'नेहमी'वर अंगठा टेकवण्याआधी, कोणते अ‍ॅप सातबाऱ्यावर आपले नाव चढवू पाहत आहे, तेवढे वाचा.