रक्तातली विषाणूची खूण आणि गालातली तंबाखू

मानेला गाठ येते, दुखत नाही, म्हणून माणूस महिनोन्‌महिने अंगावर काढतो. वस्त्यांमध्ये काम करताना हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. त्यामुळे डोके-मानेच्या कॅन्सरचा प्रसार रक्तातल्या विषाणूवरून ओळखता येतो, अशी बातमी मोबाईलवर आली की आशा वाटते. पण ही चाचणी नेमकी कोणाच्या कामाची, हे आपण समजून घेतले पाहिजे.

टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारे अनेक कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे, मुख्यतः त्याच्या 16 क्रमांकाच्या प्रकारामुळे होतात. त्या पेशींत विषाणूची जनुके असतात. पेशी मरतात तेव्हा त्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात. मानेच्या गाठीत हा विषाणू सापडला, तर मूळ कॅन्सर घशात असावा असा माग लागतो. उपचारानंतर नाहीसा झालेला डीएनए रक्तात पुन्हा दिसला, तर कॅन्सर परतल्याची शंका कधी कधी स्कॅनच्याही आधी येते. नाकामागच्या कॅन्सरमध्ये हेच काम ईबीव्ही विषाणूचा डीएनए करतो. 2017 मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी सुमारे 20 हजार पुरुषांची तपासणी करून हे दाखवून दिले.

विज्ञान खरे आहे. प्रश्न आपल्या वास्तवाचा आहे. अमेरिकेत घशाच्या या भागातले सुमारे 70 टक्के कॅन्सर एचपीव्हीशी जोडलेले आहेत. आपल्याकडे मात्र गाल, हिरडी आणि जिभेचा कॅन्सर जास्त, आणि त्यामागे तंबाखू, खर्रा, गुटखा, सुपारी. अशा गाठीत बहुधा विषाणूच नसतो, मग रक्तात त्याची खूण कुठून येणार? विषाणूचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे कॅन्सर नाही, असे समजणे जीवावर बेतू शकते.

महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे, तरी पुडी कोपऱ्यावर मिळते. 2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात राज्यातील 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. रोजंदारीवर राबणारा माणूस भूक मारायला तंबाखूचा बार भरतो. तेव्हा हा प्रश्न केवळ व्यसनाचा नाही, गरिबीचाही आहे.

म्हणून युवकांनी दोन गोष्टी कराव्यात. पांढरा-लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा मानेची गाठ दिसली, तर त्या माणसाला सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात जावे आणि बायोप्सी होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. दुसरे, आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात तोंडाची तपासणी नियमित होते का, हे लेखी विचारावे. नवी चाचणी यावी, जरूर यावी. पण आज आपल्या माणसाचा जीव एक टॉर्च आणि वेळेवर झालेली बायोप्सीही वाचवू शकते.