रोल केज बसवा, पण साक्षीदार कापू नका

१/ बदलापूरला माझ्या मामांच्या अंगणात १९६८ची फियाट ११००डी उभी आहे. मामेभावाला ती जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरवायची आहे. त्यासाठी आत रोल केज हवा. उल्हासनगरातील एका कारागिराने उपाय सुचवला : डॅशबोर्ड कापायचा, मागची बैठक भंगारात काढायची. माझा याला विरोध आहे. कारणे या धाग्यात मांडतो. 🧵

२/ रोल केज म्हणजे पोलादी नळ्यांचा पिंजरा. गाडी उलटली तर छप्पर चेपून आतील माणसे चिरडू नयेत, हे त्याचे काम. आंतरराष्ट्रीय मोटरक्रीडा महासंघाच्या (एफआयए) नियमांनुसार चालकामागील मुख्य कमानीची नळी किमान ४५ मिमी व्यासाची व २.५ मिमी जाडीची, किंवा ५० मिमी व्यासाची व २ मिमी जाडीची असावी लागते. छोट्या फियाटमध्ये एवढ्या नळ्यांना जागा करायची, तर काहीतरी हलवावे लागणारच.

३/ पण हलवायचे काय? पुढची बाकासारखी सलग बैठक, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, रंगवलेल्या पत्र्याचा डॅशबोर्ड. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने (स्थापना १९४४) कुर्ल्याला बनवलेली ही गाडी पुढे ‘पद्मिनी’ झाली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सींतूनही पद्मिनी नाहीशी झाली.

४/ किती गाड्या बनल्या, हे कागदपत्रे सांगतात. त्यांत माणसे कशी बसत, पुढे तिघे कसे मावत, हे ती बैठकच सांगते. मामांच्या गाडीत मागच्या बैठकीखाली जकात नाक्याची एक जीर्ण पावती निघाली. ती बैठक आधीच भंगारात गेली असती, तर पावतीही गेली असती.

५/ अंबरनाथकरांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या शिवमंदिरातील शिलालेखाचे वर्ष डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शके ७८२ असे वाचले होते. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असे वाचले. दोनशे वर्षांची चूक सुधारता आली, कारण मूळ दगड जागेवर होता. अस्सल वस्तू टिकली, तरच पुढच्या पिढीला आपली चूक काढता येते.

६/ “जीव मोठा की डॅशबोर्ड?” असा प्रश्न येईल. अर्थात जीव! शर्यतीत उतरायचे तर केज हवाच. मात्र रोजच्या रस्त्यावर, हेल्मेट नसताना, डोक्याजवळची पोलादी नळी स्वतःच घातक ठरते. म्हणून केवळ रुबाबासाठी केज नको.

७/ मग मार्ग कोणता? बोल्टने जोडायचा केज. एफआयएच्या नियमांत त्याचीही सोय आहे : प्रत्येक पायाला किमान तीन एम८ बोल्ट, आणि तळपत्र्याला किमान ३ मिमी जाड व १२० चौ. सेंमी. क्षेत्रफळाची आधारपट्टी. छताचे अस्तर, दारांची आतली आवरणे, मागची बैठक आधी अखंड उतरवून, खुणेच्या चिठ्ठ्या लावून जपायची. पुढच्या नळ्या डॅशबोर्डला वळसा घालून न्यायच्या.

८/ याची किंमत आहे. वेल्डिंग केलेला केज सांगाड्याला अधिक ताठपणा देतो. वळसा घेतलेली नळी सरळ नळीइतकी भक्कम नसते. केजभोवतीची आतली आवरणे कापण्याची मुभाही नियम देतात. पण मुभा म्हणजे आज्ञा नव्हे.

९/ कायद्याचाही विचार हवा. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपात असावी लागते. चासी, बॉडी वा इंजिनात फेरफार चालत नाही. बॉडीला केज वेल्ड करणे म्हणजे या नोंदणीवर पाणी सोडण्याची तयारी ठेवणे.

१०/ उल्हासनगर आठवा. फाळणीनंतर सिंधी निर्वासित लष्करी छावणीच्या बराकींत राहिले. १९४९मध्ये या वस्तीला नाव मिळाले. ‘कॅम्प’ हा शब्द आजही पत्त्यात आहे. पण त्या बराकींत संसार कसे मांडले गेले, हे आता बहुतांशी वृद्धांच्या तोंडूनच ऐकावे लागते. बाहेरचे नाव टिकते. आतले जग आधी जाते.

११/ मामेभावाला माझे सांगणे एवढेच : आधी आतल्या प्रत्येक भागाची छायाचित्रे व मापे घे, मग बोल्टचा केज बसव. तो सुरक्षित बसत नसेल, तर आतून आधीच रिकामी झालेली दुसरी फियाट शोध आणि शर्यतीत तीच पळव. तो अजून विचार करतो आहे. तुमच्या घरी अशी गाडी असेल, तर आज संध्याकाळी बैठक उचलून खाली काय आहे ते जरूर पाहा.