साठीनंतर घरकामाला व्यायाम म्हणू नका



"आम्हाला कशाला हवा वेगळा व्यायाम? दिवसभर घरात राबतोच की!" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. मला ते पटत नाही. दोन तास ओट्याशी उभं राहून पाय सुजतात, पायांत ताकद येत नाही. मी कॉमर्सची, म्हणून वहीच्या भाषेत सांगते. साठीनंतर घरकाम हा खर्च आहे आणि व्यायाम ही बचत. खर्च बचतीच्या खात्यात लिहिला म्हणून शिल्लक वाढत नाही.

घसारा मात्र रोज चालूच असतो. वयाबरोबर स्नायू कमी होतात, पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होऊ लागतात. मग एक दिवस बाथरूममध्ये पाय घसरतो, खुबा मोडतो आणि सगळ्यांचं करणारी बाई पाणी मागायलाही दुसऱ्याकडे बघते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार ६५ च्या पुढच्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम करावा. शिवाय आठवड्यातून ३ दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम हवेत. म्हणजे गप्पा मारत बागेला दोन चकरा, एवढ्यावर भागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं, टाचा उचलणं हेही हवं.

हे एकटीने मोबाईल बघून होत नाही का? होतं, चार दिवस. पाचव्या दिवशी दूधवाला बेल वाजवतो, कुकरची शिट्टी होते आणि चटई गुंडाळली जाते. गटात तसं होत नाही, कारण कोणीतरी वाट बघत असतं. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आम्ही नऊ जणी जमतो. त्यातल्या एक काकू एकट्या राहतात. त्या दोन दिवस आल्या नाहीत म्हणून आम्ही दार वाजवलं, तर तापाने पडून होत्या. गट नसता तर कळलंच नसतं. आणि गट मोठाच हवा असंही नाही. डॉ. मदन कटारियांनी १९९५ मध्ये मुंबईच्या एका बागेत हास्य क्लब सुरू केला, तेव्हा जेमतेम पाच माणसं होती.

खरी अडचण वेळेची सांगितली जाते. सकाळी नातवाचा डबा, चहा, नाश्ता. पण नवकारसी करणारीला सूर्योदयानंतरची ४८ मिनिटं मोकळीच असतात, तोंडात पाणीही घ्यायचं नसतं. तो वेळ स्वयंपाकघराला का द्यायचा? चौविहारामुळे संध्याकाळचं जेवणही लवकर उरकतं, म्हणजे नंतर चालायला वेळ आहे. डबा एक दिवस सुनेने, एक दिवस मुलाने भरला तर बिघडत नाही. घरच्यांची परवानगी मागू नका, वेळ सांगून टाका.

"या वयात उड्या मारायच्या का?" असं हसणारेही भेटतील. त्यांना विचारा, सामायिकाला ४८ मिनिटं खाली बसून पुन्हा आधाराशिवाय उठता येतं का? वंदनेला गुडघे वाकतात का? पालिताण्याच्या साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांनी डोली करावी, त्यात कमीपणा नाही. पण ज्यांचे पाय अजून साथ देऊ शकतात, त्यांनी ते आळसाने का गमवावेत? आपण तपाला जपतो, मग तप करणाऱ्या देहाला का नाही?

फक्त नियम पाळा. बीपी, साखर, गुडघेदुखी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर निर्जळी व्यायाम नकोच, पच्चक्खाण पारून, थोडं खाऊन मग या. उपवास, अठ्ठाई चालू असताना जोराचे व्यायाम बंद ठेवा. चप्पल नको, घट्ट बूट घाला. ओल्या फरशीवर उभ्या राहू नका.

आजच शेजारच्या दोघींना फोन करा. तिघी झालात की गट झाला.