टाके भरले, श्वासाचे काय?

जन्मजात हृदयदोषावरील शस्त्रक्रिया यशस्वी झाली, ओठांवरची निळसर छटा गेली आणि मूल घरी परतले की आपल्याकडे त्या कहाणीवर पडदा पडतो. छायाचित्रात हसरे बालक, कृतज्ञ पालक आणि शल्यविशारदांचा चमू दिसतो. चार-पाच वर्षांनी तेच मूल शाळेच्या मैदानावर दोन फेऱ्यांतच का थकते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

दर हजार जन्मांमागे साधारण आठ ते दहा बालकांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. भारतात वर्षाला अशी दोन लाखांवर बालके जन्मतात, असा अंदाज आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे अंगणवाड्या व शाळांतील तपासणीत हे दोष हुडकले जाऊ लागले. शासकीय आरोग्य योजनांनी शस्त्रक्रियेच्या खर्चाचा भारही हलका केला. वाचणाऱ्या मुलांची संख्या वाढत जाणार, हे उघड आहे. ती कशी जगतात, हा प्रश्न त्यामुळेच आता टाळता येणार नाही.

हृदय दुरुस्त झाले की फुप्फुसे आपोआप सुधारतात, हा समज चुकीचा होय. वायुकोशांची वाढ मुख्यतः आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत होते. नेमक्या त्याच काळात फुप्फुसांकडे रक्त कमी गेले, जसे ते फॅलोच्या चतुर्दोषात जाते, तर ती वाढ खुंटू शकते. याउलट हृदयाच्या पडद्यातील मोठ्या छिद्रामुळे रक्ताचा लोंढा आला, तर फुप्फुसे ताठर होतात. त्यात छातीचे हाड उभे कापून केलेली शस्त्रक्रिया. काहींच्या वाट्याला ती दोनदा, तीनदा येते. छातीच्या पिंजऱ्याची लवचिकता घटते, पाठीच्या कण्याला बाक येऊ शकतो, क्वचित श्वासपटलाच्या मज्जातंतूला इजा होते. स्पायरोमेट्री केली, तर पूर्ण श्वास घेऊन जोराने सोडलेल्या हवेचे मान यांपैकी अनेकांत अपेक्षेपेक्षा कमी भरते. दम्यात नळी अरुंद होते. येथे भाताच लहान राहिलेला असतो. धाप लागते म्हणून सरसकट दम्याचा पंप हाती देऊन भागत नाही, ते यामुळेच.

ज्यांच्या हृदयाचा खालचा एकच कप्पा कामाचा असतो, त्या मुलांत श्वासाचे मोल सर्वाधिक. फ्रान्समधील बोर्दो येथे फ्रान्सिस फॉन्तां यांनी १९६८ मध्ये प्रथम केलेल्या शस्त्रक्रियेने अशा मुलांना जीवदान दिले. पण या रचनेत शरीरातील अशुद्ध रक्त फुप्फुसांत ढकलणारा पंपच नसतो. श्वास घेताना छातीत निर्माण होणारी ओढ आणि चालताना पोटऱ्यांच्या स्नायूंचा दाब यांवर बरेच काही अवलंबून राहते. या मुलांची कमाल प्राणवायू-वापराची क्षमता सर्वसाधारणपणे समवयस्कांच्या ६० ते ६५ टक्क्यांच्या आसपास आढळते. व्यायाम हा त्यांच्यासाठी छंद नव्हे, तो रक्ताभिसरणाचाच एक भाग आहे.

तरीही ही सारी घट आजाराने लादलेली नसते. काही वाटा निव्वळ बसून राहण्याचा असतो. मृत्यूच्या दारातून परत आणलेल्या लेकराला आईने पळू दिले नाही, तर तिला दोष कोण देणार? परंतु बोस्टनमध्ये गंभीर हृदयदोषाच्या १६ मुलांना १२ आठवडे देखरेखीखाली व्यायाम देण्यात आला, तेव्हा बहुतेकांची क्षमता वाढली. तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१३ मध्ये सरसकट मनाईऐवजी शारीरिक हालचालींना उत्तेजन देण्याची भूमिका घेतली. अपवाद अर्थातच आहेत. हृदयाचा ताल बिघडणारी मुले, रक्त पातळ करणारी औषधे घेणारी, पेसमेकर बसवलेली. त्यांच्यासाठी खेळ निवडूनच द्यावा लागतो.

त्यासाठी नवी संस्था उभारण्याची गरज नाही. बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांच्या रचनेत भौतिकोपचारतज्ज्ञाची तरतूद आहे. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीला एक लांब व्हरांडा, घड्याळ आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर पुरते. सहा वर्षांपुढील बहुतेक मुलांना स्पायरोमेट्रीही जमते. आणि रुग्णालयाच्या कागदांत शाळेच्या क्रीडाशिक्षकाच्या नावे एक चिठ्ठी असावी: मुलाला काय खेळू द्यावे, कितपत आणि कोणत्या लक्षणांवर थांबवावे. ती नसली की शिक्षक साहजिकच सर्वांत सोपा मार्ग धरतात आणि मुलाला बाकावर बसवतात.