पोहता येतं, पण वाचवता येतं का?

ऑगस्ट २०२४ च्या सुरुवातीला मालेगावात गिरणेचं पाणी अचानक वाढलं आणि मासे धरायला गेलेले १५ जण नदीपात्रातल्या खडकावर अडकले. रात्र त्यांनी तिथेच काढली. अग्निशमन दल, धुळ्याचं एसडीआरएफ पथक प्रयत्न करत होतं. शेवटी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं.

असं काही घडलं की काठावर दोन प्रकारची मुलं दिसतात. काही मोबाइल धरून उभी, काही शर्ट काढून उडी मारायला निघालेली. मला काळजी दुसऱ्यांची वाटते. ती शूर असतात, पट्टीची पोहणारी असतात आणि त्यांच्या हातात साधा दोरही नसतो.

आपल्या जिल्ह्यात पोहणाऱ्यांची कमी नाही. मालेगावचे तैराक नदी-विहिरींत बुडालेल्यांना शोधायला धावून जातात. निफाडच्या चांदोरी-सायखेड्यात गोदावरीचा पूर नेहमीचाच, तिथले तरुणही पाण्यात उतरतात. पण पोहणं वेगळं, वाचवणं वेगळं. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो आणि मग एकाऐवजी दोन जनाजे निघतात.

म्हणून प्रशिक्षणातला पहिला धडा ऐकून आपल्या पोरांचा हिरमोड होईल: शक्यतो पाण्यात उतरू नका. आधी काठी, ओढणी पुढे करा. नाही पोचली तर दोर, हवा भरलेली ट्यूब, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. मग होडी. उडी सगळ्यात शेवटी, तीही जॅकेट आणि दोर बांधून. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही. श्वास थांबला असेल तर लगेच तोंडाने श्वास आणि छातीवर दाब, ३० दाबांमागे दोन श्वास. हे व्हिडिओ बघून येत नाही, हाताने करावं लागतं.

सरकारच्या ‘आपदा मित्र’ योजनेत १८ ते ४० वयाच्या स्वयंसेवकांना १२ दिवसांचं असं प्रशिक्षण मिळतं. पुढची तुकडी कधी, हे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारा. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर लाखोंची गर्दी असेल. तिथल्या स्वयंसेवकांच्या यादीत आपली नावं हवीत, आणि ‘मुस्लिम तरुणांनी वाचवलं’ अशी वेगळी बातमी न होता.

मोहल्ल्यातल्या क्रिकेट टीमच्या किटसाठी आपण वर्गणी काढतोच. यंदा पावसाळ्याआधी दोन लाइफ जॅकेट आणि शंभर फूट दोर घ्या. मशिदीच्या खोलीत ठेवा, आणि चावी रात्री दोन वाजता कुणाकडे मिळेल ते आजच ठरवा.